मुलगा 'शाळा'चं 'शाया' लिहितो, कान चेक केले तर नॉर्मल. मग नेमकं काय होतंय?

बागलाणकर_सिडको

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितो. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, मूळ सटाण्याकडचे. मुलगा सात वर्षांचा, दुसरीला, मराठी मिडीयम. आम्ही दोघंही अंबडला कंपनीत शिफ्टला जातो त्यामुळे तो पाच वर्षांचा होईपर्यंत गावी माझ्या आईजवळच वाढला, घरात पूर्ण अहिराणी. आता प्रॉब्लेम असा की श्रुतलेखनात त्याला कायम कमी मार्क पडतात. काल वही उघडून बसलो. बाईंनी सांगितलेलं वाक्य होतं 'शाळेत फळा काळा असतो' आणि याने लिहिलंय 'शायेत फया काया असतो'. अक्षर एकदम सुरेख, कुठे खाडाखोड नाही, म्हणजे लिहिताना त्याला शंकासुद्धा आली नाही. तिन्ही शब्दांना लाल गोल आणि खाली शेरा, लक्ष देऊन ऐकत जा.

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो, मशीनवर तपासणी केली, ऐकू व्यवस्थित येतं म्हणाले. मग हे लक्ष नसण्यामुळे आहे का? मिसेसचं म्हणणं की आजीशी फोनवर अहिराणी बोलणं काही महिने बंद करू. माझं मन मानत नाही, आईला काय सांगू? पण पोराचं नुकसान पण नको. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

गुरुजी_कळवण

दादा, आधी एक करा, आजीचा फोन अजिबात बंद करू नका. मी जिल्हा परिषद शाळेत तीस वर्षं पहिली-दुसरीलाच शिकवलंय, असल्या शेकडो वह्या तपासल्यात आणि सुरुवातीची काही वर्षं मी पण हाच शेरा मारायचो, त्याचं आज वाईट वाटतं.

तुमच्या मुलाने तीन ठिकाणी चूक केली आणि तिन्ही ठिकाणी 'य'च लिहिला. एकदा ल, एकदा र, एकदा काहीच नाही असं नाही केलं. ज्याचं लक्ष नसतं त्याची चूक दर वेळी वेगळी असते. याची चूक नियमाने होते. त्याच्या घरच्या बोलीत ळ च्या जागी य येतो, डोळ्याला डोया म्हणतात, त्यामुळे बाईंनी 'काळा' म्हटलं की त्याला आपला ओळखीचा 'काया'च ऐकू येतो. बहिणाबाईंच्या गाण्यातलं 'वढाय' म्हणजे ओढाळच की, ते आपण कौतुकाने म्हणतो आणि पोराने वहीत लिहिलं की लाल गोल मारतो.

उपाय सांगतो. नुसता 'ळ' पन्नास वेळा गिरवून घेऊ नका, गिरवणं हाताचं काम आहे आणि अडचण कानाची आहे. जोड्या घ्या: गाळ-गाय, माळ-माय, साळ-साय. प्रत्येकाचं चित्र काढा, साळीचं म्हणजे भाताचं रोप, सायीची वाटी, असं. दोन चित्रं समोर ठेवा, तुम्ही तोंडासमोर वही धरा म्हणजे ओठ दिसणार नाहीत, एक शब्द म्हणा आणि त्याला फक्त बोट ठेवू द्या. लिहायचं नाही. चुकलं तर ओरडायचं नाही, दोन्ही शब्द एकामागे एक परत म्हणायचे. रोज पाच मिनिटं पुरेत. मग हातात छोटा आरसा द्या, 'ळ' म्हणताना जिभेचं टोक वर टाळूकडे वळतं आणि खाली आपटतं, 'य'ला टोक खालीच राहतं. हे मुलांना फार आवडतं, वर्गात आरशासाठी भांडणं व्हायची.

मानस_कॉलेजरोड

गुरुजींना पूर्ण अनुमोदन. मी मानसशास्त्रात एमए केलंय, यावर जुना आणि खूप गाजलेला प्रयोग आहे. कॅनडात वर्कर आणि टीस या दोघांनी 1984 साली इंग्रजी घरातल्या तान्ह्या बाळांना आपल्या हिंदीतले ट आणि त ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी बहुतेकांना फरक कळला, दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना. हिंदी घरातल्या बाळांना मात्र त्या वयातही कळत होता. म्हणजे कान तोच राहतो, पण घरात जो फरक कामाचा नाही तो मेंदू वर्षभरात बाजूला टाकतो. तुमच्या मुलाने त्याच्या घरासाठी बरोबर तेच केलंय.

चांगली गोष्ट ही की हे नंतरही शिकता येतं. जपानी मोठ्या माणसांना इंग्रजीतले र आणि ल वेगळे ऐकू येत नाहीत, त्यांना ट्रेनिंग देऊन सुधारणा झाल्याचं 1991 साली दाखवलं गेलं, आणि त्यात मुद्दाम वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात शब्द ऐकवले होते. म्हणून एकट्याने नका म्हणू, मामा, शेजारच्या काकू, तुमच्या मिसेस, सगळ्यांचे व्हॉइस मेसेज घ्या.

अजून एक, कारण मला याची जास्त काळजी वाटते. बाईंना मुलगा कसा दिसतो यालाही महत्त्व आहे. अमेरिकेत रोझेन्थाल आणि जेकबसन यांनी शिक्षकांना काही मुलांबद्दल सांगितलं की ही यंदा पुढे येणार, प्रत्यक्षात नावं कशीही उचललेली होती, तरी वर्षाअखेर त्या मुलांची प्रगती जास्त दिसली आणि तीही मुख्यतः पहिली-दुसरीत. 1968 ला ते छापून आलं, आकड्यांवर पुढे बराच वाद झाला तो भाग वेगळा. पण 'लक्ष देत नाही' हा शिक्का दुसरीत बसू देऊ नका. वही घेऊन बाईंना भेटा, भांडायला नाही, ते तीन 'य' दाखवायला.

द्राक्षबाग_पिंपळगाव

मी शेतकरी माणूस, शिक्षणातलं कळत नाही पण हे वाचून राहवलं नाही. मी चुलत्यांकडे बाग शिकायला लागलो तेव्हा ते पाच पावलांवरून म्हणायचे, डाऊनी आली, म्हणजे द्राक्षाच्या पानावरचा बुरशीचा रोग. मी पानाला नाक लावलं तरी मला नुसतं हिरवं पान दिसायचं. माझे डोळे त्यांच्यापेक्षा चांगले, त्यांना जाड चष्मा. शेवटी त्यांनी एक चांगलं पान आणि एक रोगट पान दोन्ही उन्हाकडे धरली माझ्यासमोर, म्हणाले तेलाचं बोट लागल्यासारखा डाग बघ, आता उलटं कर, खाली पांढरी बुरशी बघ. त्या दिवसापासून मला तो डाग दिसायचा थांबत नाही, दुसऱ्याच्या बागेजवळून बाईकवर जाताना पण दिसतो. सांगायचं एवढंच की चुलते मला 'नीट बघ, नीट बघ' वर्षभर म्हणत होते त्याने काही झालं नाही, दोन पानं शेजारी धरली तेव्हा झालं.

आईची_डायरी

ळ सोडून बाकी वाचन कसं आहे ते पण बघा. माझ्या मुलीला घ-ध, भ-म मध्ये चौथीतही गोंधळ होता, वाचताना ओळ सुटायची, तेव्हा तपासून घेतलं तर लर्निंग डिसॅबिलिटी निघाली. 2016 च्या दिव्यांग कायद्यात ती धरलेली आहे, सर्टिफिकेट मिळतं, परीक्षेत सवलत मिळते. तुमचं तसं वाटत नाही, पण मनात शंका असेल तर तपासायला घाबरू नका.

बागलाणकर_सिडको

सगळ्यांचे मनापासून आभार, आठ दिवसांनी लिहितोय. वाचन बाकी चांगलं आहे, ओळ वगैरे सुटत नाही. बाईंना भेटलो, त्यांनी वही शांतपणे बघितली आणि म्हणाल्या वर्गात अजून दोन मुलं अशीच आहेत, जोड्यांची चित्रं मला पण द्या.

वहीत अजून 'शाया'च येतंय बऱ्याचदा. पण काल रात्री आजीचा फोन चालू होता, ती गोठ्यातल्या कुत्र्याचं काहीतरी सांगत होती, आणि हा मधेच फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळला, म्हणाला, पप्पा, आजी काया म्हणते आणि बाई काळा म्हणतात ना? मी हो म्हटलं. मग परत फोन कानाला लावला आणि आजीशी अहिराणीत सुरू.