पणजी महापालिका आणि ताळगाव पंचायत: पर्यटकांना घर देताना परवानग्यांत फरक कोठे पडतो?

प्रश्न: ओडशेलकर

आल्तिनो येथे माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे आणि ओडशेलला वडिलांच्या नावावर जुने कौलारू घर आहे. फ्लॅट पणजी महापालिकेत येतो, घर ताळगाव पंचायतीत. दोन्ही जागा ऑनलाईन आरक्षणातून पर्यटकांना चार-आठ दिवसांसाठी देण्याचा विचार आहे. पंचायतीत काम लवकर होते असे काही जण म्हणतात. काही जणांच्या मते महापालिका बरी, कारण तेथे निदान कोणाला भेटायचे ते ठाऊक असते. परवाना नेमका कोण देतो आणि हद्द बदलल्याने काय बदलते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: निवृत्त पंचायत सचिव

सर्वप्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी. मुख्य नोंदणी ना महापालिका करते, ना पंचायत. पर्यटन व्यवसाय नोंदणीचा 1982 चा कायदा राज्यभर लागू असून, पैसे घेऊन पर्यटकाला राहण्यास जागा द्यायची झाली की पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, मग ते पंचतारांकित हॉटेल असो की तुमचे कौलारू घर. दोन जागा असतील तर दोन स्वतंत्र नोंदण्या कराव्यात. त्यामुळे ‘कोणत्या हद्दीत नोंदणी सोपी’ हा प्रश्न येथे फारसा उरत नाही.

फरक आहे तो स्थानिक संस्थेच्या कागदांत. ताळगावला पंचायत राज कायदा, 1994 लागू होतो आणि पणजीला महापालिकेचा 2002 चा कायदा. पंचायतीत ना हरकत दाखल्याचा अर्ज सचिवाकडे येतो, पंचायत मंडळाच्या बैठकीपुढे जातो आणि ठराव झाल्यावर दाखला मिळतो. शेजाऱ्याने पार्किंगची किंवा रात्रीच्या गोंगाटाची तक्रार दिलेली असेल, तर तीही त्याच टेबलावर येते, आणि प्रकरण चिघळले तर रविवारच्या ग्रामसभेत तुमच्या घराचा विषय सर्वांसमोर निघतो. महापालिकेत अर्ज प्रशासनाकडून पुढे सरकतो. तेथे ओळखीचा उपयोग कमी आणि चुकीच्या कागदाचा त्रास जास्त. पंचायतीत काम लवकर होते हे अर्धसत्य आहे: अर्जदार आणि तक्रारदार एकाच वाड्यातले असले की तेच काम महिनोन्‌महिने रेंगाळते. पंचायतीने अडवणूक केल्यास पंचायत उपसंचालकांकडे दाद मागता येते.

घरपट्टीच्या पावतीवर वापराच्या ठिकाणी ‘निवासी’ असे लिहिलेले आहे का, ते आधी पाहावे. व्यावसायिक वापर दाखवल्यास घरपट्टी वाढेल आणि वीजबिलाचा दरही बदलू शकतो. बरेच जण येथेच लपवाछपवी करतात. परंतु संकेतस्थळावर खोल्यांची छायाचित्रे आणि दर सर्वांना दिसत असताना ती फार काळ टिकत नाही.

ओडशेलच्या घरासाठी मात्र हद्दीपेक्षा पाण्यापासूनचे अंतर महत्त्वाचे ठरेल. ते भरतीरेषेच्या जवळ असेल तर किनारी नियमन क्षेत्राचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवरचे केंद्राचे, निर्बंध लागू होतात. 2011 च्या अधिसूचनेनुसार हे अंतर समुद्राच्या बाजूला 500 मीटर, तर नदी किंवा खाडीच्या काठी 100 मीटर अथवा पात्राची रुंदी, यांपैकी जे कमी असेल ते. घर 19 फेब्रुवारी 1991 पूर्वीचे, म्हणजे हे निर्बंध प्रथम येण्याआधीचे, असल्याचा पुरावा उपयोगी पडतो, परंतु मागच्या अंगणात अलीकडे वाढवलेल्या खोल्या आणि शौचालये यांना तो लागू होत नाही. पंचायतीचा ना हरकत दाखला मिळाला म्हणून हा दोष झाकला जात नाही. जमिनीची सनद (जमिनीच्या वापराचा सरकारी दाखला) निवासी वापराची आहे का, हेही एकदा तपासावे.

उत्तर: सोसायटीचा खजिनदार, पणजी

वरील माहितीला पूरक असे फ्लॅटविषयी सांगतो. महापालिकेच्या आधी सोसायटीचे उपनियम वाचावेत आणि संमती लेखी घ्यावी. पणजीत कचरा 16 प्रकारांत वेगळा करण्याची पद्धत आहे, आणि दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा उरलेले जेवण, बाटल्या आणि डायपर एकाच पिशवीत बांधून जिन्यात ठेवून जातो. आमच्याकडील भांडणे परवान्यावरून कमी आणि त्या पिशवीवरून जास्त होतात. कचऱ्याची जबाबदारी घेणारा माणूस नेमल्याशिवाय फ्लॅट देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर: करविषयक काम पाहणारी

हद्दीचा वस्तू व सेवा कराशी संबंध नाही. दोन्ही जागांची उलाढाल एकत्र धरली जाते आणि ती वर्षाला 20 लाखांच्या आत असेल, तर तुम्हाला नोंदणीची सक्ती नाही. अशा वेळी संकेतस्थळावरून झालेल्या आरक्षणावरचा कर ते संकेतस्थळच भरते. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर हा दर 5 टक्के आहे. परदेशी पाहुणा आल्यास त्याची माहिती 24 तासांत ऑनलाईन भरावी लागते. त्यातही महापालिका आणि पंचायत असा भेद नाही.

प्रतिप्रश्न: ओडशेलकर

सर्वांचे आभार. वडील हयात नाहीत आणि आम्ही तीन भावंडे आहोत. पंचायतीत अर्जावर माझी एकट्याची सही चालेल का?

उत्तर: निवृत्त पंचायत सचिव

त्या एका सहीवर अवलंबून राहू नये. एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या सरकारी नोंदीवर) अजून वडिलांचेच नाव असेल, तर तिन्ही भावंडांची संमती जोडावी. गोव्यात वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर मालमत्तेत पती-पत्नी दोघांचाही हक्क असतो. म्हणून भावंडांच्या जोडीदारांच्या सह्याही घेणे शहाणपणाचे ठरेल. इन्व्हेन्टरीची, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याची न्यायालयीन, प्रक्रिया उरकून घर कोणाच्या वाट्याला येते ते ठरवणे हा पक्का मार्ग आहे. त्याला वेळ लागेल, तोवर फ्लॅटची नोंदणी पुढे नेण्यास हरकत नाही.