पिट्सबर्गजवळ होमस्टेडच्या मॉलमधल्या 12 चिमण्या कशाच्या?

नदीकाठची_स्वाती
नमस्कार मंडळी, आम्ही गेल्या नोव्हेंबरात पिट्सबर्गला आलोय, नवऱ्याची नोकरी इथे. होमस्टेडला वॉटरफ्रंट म्हणून मोठं शॉपिंग सेंटर आहे, तिथे सिनेमाला गेलो तर बाहेर विटांच्या उंच चिमण्या, एका ओळीत 12, खाली कारखाना नाही काही नाही, नुसत्या उभ्या. माझे आजोबा लालबागला, जन्म गिरणीत गेला त्यांचा, त्यामुळे चिमणी दिसली की पाय थांबतोच. लोअर परळच्या मॉलमधली चिमणी बघून आई दरवेळी गप्प होते, तसंच झालं माझं. 1892 चा संप एवढं पाटीवर वाचलं, पोरगं रडायला लागलं म्हणून पुढचं राहिलं. काय झालं होतं इथे? आणि एवढा कारखाना होता तर माणसं गेली कुठे?

मोनकाठी_22वर्षं
स्वाती, त्या चिमण्या होमस्टेड वर्क्सच्या, अँड्र्यू कार्नेगी या उद्योगपतीचा पोलाद कारखाना. संप म्हणतात पण सुरुवात टाळेबंदीने झाली. युनियनचा करार 30 जून 1892 ला संपत होता, पगार पोलादाच्या भावाला बांधलेला असायचा, भाव पडला तरी एका मर्यादेखाली पगार जायचा नाही, ती मर्यादाच कंपनीला खाली आणायची होती. खरं तर फ्रिक नावाच्या मॅनेजरला युनियनच नको होती. त्याने आधीच कारखान्याभोवती उंच कुंपण घालून वर काटेरी तार लावली, लोक त्याला फ्रिकचा किल्ला म्हणायला लागले, आणि करार संपायच्या आतच गेट बंद.

मग 6 जुलैच्या पहाटे 300 पिंकर्टन, म्हणजे भाड्याचे बंदूकवाले, दोन बार्जमध्ये, म्हणजे मालवाहू सपाट बोटींत बसवून अंधारात मोनॉन्गहेला नदीतून आणले. कामगारांचा पहारा होता, भोंगा वाजला आणि सगळं गाव उठून नदीवर धावलं, बायका पोरांसकट. गोळीबार कोणी आधी केला यावर आजही वाद आहे, पण दिवसभर चालला. कामगारांनी जुनी तोफ काढली तर तिचा गोळा त्यांच्याच एका माणसाला लागून तो गेला. नदीत तेल ओतून पेटवायचा प्रयत्न झाला, डायनामाइट टाकून झालं. संध्याकाळी पिंकर्टन शरण आले आणि त्यांना दोन्ही बाजूंच्या गर्दीमधून चालत जावं लागलं, तेव्हा बायकांनी हातात येईल त्याने मारलं, घरचे मेले होते हो त्यांच्या. दोन्हीकडची मिळून निदान 10 माणसं गेली. बार्ज जाळले.

गाव जिंकलं असं वाटलं पण सहाच दिवसांत गव्हर्नरने आठ हजारांवर सैनिक पाठवले आणि त्यांच्या संरक्षणात संपफोडे आत घेतले. नोव्हेंबरात संप मोडला, पुढाऱ्यांची नावं काळ्या यादीत, त्यांना पुन्हा पोलादाचं काम मिळालं नाही.

सह्याद्री_टू_ओहायो
सगळं खरं पण कार्नेगीला एवढं खलनायक करू नका, तो तेव्हा स्कॉटलंडला होता, निर्णय फ्रिकचे. आणि होमस्टेडलाच पुढे केवढी सुंदर लायब्ररी बांधून दिली त्याने, आत तरण तलाव, संगीताचा हॉल, आजही चालू आहे, माझी मुलगी तिथे पोहायला जायची.

वस्तीचा_अभ्यास
लायब्ररी चांगली आहे, मान्य, पण दादा, कार्नेगी फ्रिकला पूर्ण मोकळीक देऊनच स्कॉटलंडला निघाला होता. आणि 1886 मध्ये त्यानेच लेख लिहिला होता की संपावरच्या माणसाची जागा दुसऱ्याने घेऊ नये हा कामगारांचा अलिखित नियम आहे. तोच माणूस सहा वर्षांनी हे होऊ देतो, याचं मला अजून वाईट वाटतं. लायब्ररी उघडली 1898 ला. तेव्हा भट्टीवर 12 तासांची पाळी होती, दर पंधरवड्याला दिवसपाळीची रात्रपाळी होताना सलग 24 तास उभं राहायचं. त्यानंतर माणूस पुस्तक उघडणार की अंग टाकणार?

स्वातीताई, तुमचा प्रश्न माणसांचा आहे म्हणून सांगतो. 1907-08 ला पिट्सबर्ग सर्व्हे नावाची पाहणी झाली होती, तिच्यात होमस्टेडची घरं अक्षरशः आत जाऊन बघितलीयत. साध्या मजुराला तासाला साडेसोळा सेंट. कारखान्याला चिकटून स्लोव्हाक आणि हंगेरियन लोकांची खुराडी, मध्ये चौक, चौकात एक नळ, त्यावर सगळी बिऱ्हाडं. घरमालकीण चार-पाच एकटे पुरुष ठेवून घ्यायची, सगळ्यांचं रांधायची, धुवायची, दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच अंथरुणात रात्रपाळीवाला. आता हे वाचून तुम्हाला गिरणगावातली खाणावळवाली मावशी आणि पाळीपाळीने झोपणारे गाळेवाले आठवले नाहीत तर सांगा!

आणि एक बोललंच पाहिजे. तिथली युनियन मुळात कुशल कारागिरांची होती, 3,800 मधले जेमतेम 800 सभासद. बाकीच्यांना सभासदत्व नव्हतं तरी 1892 ला ते सगळे बरोबर उभे राहिले, नदीवर मेलेल्यांत तेही होते. पण पोलादातल्या युनियनला त्यांना आणि काळ्या कामगारांना मनापासून आपलं म्हणायला आणखी 40 वर्षं लागली. 1919 च्या देशव्यापी संपात दक्षिणेतून काळे मजूर आणून संप मोडला, ज्यांना युनियनने कधी दार उघडलं नाही ते तिच्यासाठी उपाशी का राहतील? मला तर कुंपण आणि बंदुका यांच्याइतकंच ते बंद दार कारणीभूत वाटतं.

मोनकाठी_22वर्षं
वस्ती, अगदी मनातलं लिहिलंस. मधल्या काळात भीती किती होती त्याचा एक प्रसंग. 1933 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या कामगार मंत्री फ्रान्सिस पर्किन्स होमस्टेडला आल्या, अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली पहिली बाई. सभागृहात काही लोकांशी बोलल्या, बाहेर अजून माणसं थांबली होती, त्यांना आत सोडायला गावचा मेयर तयार होईना, ही नकोशी माणसं आहेत म्हणे. मग बाहेर पायरीवर बोलते म्हणाल्या, तर तेही नाही, चौकात बोलते, तेही नाही. तेवढ्यात त्यांना पोस्टावर झेंडा दिसला, पोस्ट म्हणजे केंद्र सरकारची जागा, तिथे मेयरचं काही चालत नाही. सगळ्यांना घेऊन त्या पोस्टात गेल्या, खुर्चीवर उभ्या राहिल्या आणि तिथे बोलल्या. स्वतःच्या गावात मंत्र्याचं बोलणं ऐकायला माणसांना पोस्ट शोधावं लागलं!

1935 ला कामगारांना युनियन करायचा हक्क देणारा वॅग्नर कायदा आला आणि 2 मार्च 1937 ला यूएस स्टीलने, म्हणजे कार्नेगीचा कारखाना पुढे ज्या कंपनीकडे गेला तिने, नव्या युनियनशी करार केला, 5 डॉलर रोज, आठवड्याला 40 तास. 1892 पासून मोजा, जवळजवळ 45 वर्षं. आणि या वेळी युनियनमध्ये स्लोव्हाक, काळे, भट्टीवाले, झाडूवाले सगळे.

माणसं कुठे गेली म्हणशील तर दोनदा गेली. 1941 ला युद्धासाठी कारखाना वाढवायचा म्हणून नदीकाठचा अख्खा खालचा भाग पाडला, सुमारे 8,000 लोक उठवले, त्यांची चर्चं, दुकानं सगळं गेलं. आणि 1986 ला कारखानाच बंद झाला. 1920 ला गावात 20,000 माणसं होती, आता तीन हजाराच्या आसपास.

नदीकाठची_स्वाती
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री हे सगळं आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली 82 च्या संपात आजोबा रोज सकाळी आंघोळ करून डबा न घेता गेटवर जायचे, भोंगा बंद झाला तरी त्याच वेळेला उठायचे. मला हे माहीतच नव्हतं, कधी कोणी सांगितलं नाही. पिंकर्टन उतरले ती जागा अजून आहे का? रविवारी जायचं म्हणतेय.

वस्तीचा_अभ्यास
आहे. मॉलच्या, शेजारच्या मनहॉल गावाकडच्या टोकाला विटांची पंप हाउस नावाची इमारत आहे, त्याच काळातली, तिच्यामागेच नदी. समोरच्या काठाला कॅरी फर्नेसच्या दोन जुन्या भट्ट्या आहेत, तिथलं वितळलेलं लोखंड पुलावरून इकडे यायचं. भट्ट्या आतून बघायच्या तर उन्हाळ्यात टूर असते, आईंना बोलवाल तेव्हा त्यांना नक्की न्या.