मदत हवी आहे: बीटा आवृत्तीवर छायाचित्र जोडताना ॲप बंद पडतात
फोनवर ऑपरेटिंग सिस्टिमची बीटा (अंतिम होण्याआधीची, चाचणीची) आवृत्ती घेतली आहे. पहिल्या दोन बीटा सुरळीत चालल्या. तिसरी आल्यापासून मात्र टिपणांचे आणि ईमेलचे अशी दोन्ही ॲप, मजकुरात छायाचित्र जोडायला गेले की क्षणभर पांढरा पडदा दाखवून बंद पडतात. बाकी ॲपना काहीही त्रास नाही.

ॲप काढून पुन्हा टाकणे, फोटोंची परवानगी रद्द करून पुन्हा देणे, फोन रीस्टार्ट करणे हे सर्व करून झाले आहे. ३० जीबी जागा रिकामी आहे. क्रॅश लॉगमध्ये (ॲप बंद पडल्याच्या नोंदीत) दर वेळी 'सेगमेंटेशन फॉल्ट' (मेमरीच्या चुकीच्या वापराची त्रुटी) दिसतो आणि तो सिस्टिमच्याच लायब्ररीत (सर्व ॲप वापरतात त्या सामायिक कोडमध्ये) उद्भवतो, त्यामुळे दोष ॲपचा नसावा असे वाटते. लॉगसह तक्रार नोंदवली आहे. उत्तर आलेले नाही.

स्थिर आवृत्तीवर परतताना फोन पूर्ण पुसला जाईल याची कल्पना आहे. बीटापूर्वीचा बॅकअप संगणकावर आहे, पण नंतरची टिपणे त्यात नाहीत (हा निष्काळजीपणा माझाच), आणि नव्या आवृत्तीवर घेतलेला बॅकअप जुनीवर चालेल याचा भरवसा नाही. हीच टिपणे छायाचित्रांसह फाइलरूपात बाहेर काढून स्थिर आवृत्तीवर कोणी यशस्वीपणे परत आणली आहेत का, आणि त्यासाठी कोणता फाइल प्रकार निवडला होता?