मदत हवी आहे : घाटात एमएम ५४० तापते

नमस्कार मंडळी. वडिलांची जुनी महिंद्राची एमएम ५४० डिझेल जीप आहे, प्यूजोचं २११२ सीसी इंजिन. चिपळूणहून पोफळीपर्यंत टेंपरेचरचा काटा मधोमध असतो. कुंभार्ली घाट सुरू झाला, गाडी दुसऱ्या गिअरवर आली की काटा लाल पट्ट्याकडे सरकतो आणि माथ्यापर्यंत पाणी उकळायला लागतं.

रेडिएटरचं रॉडिंग (नळ्यांत सळी घालून सफाई) झालंय, वॉटर पंप नवा, फॅन बेल्ट ताणलेला. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, ऑइल दुधाळ नाही, म्हणजे हेड गॅसकेट (इंजिनच्या हेडखालचं सील) शाबूत असावं.

काल बॉनेट उघडून रेस दिली तेव्हा रेडिएटरचा खालचा होस पाइप आत ओढला जाऊन चपटा झाला, रेस सोडली की पुन्हा गोल. जुन्या पाइपात आतून स्प्रिंग होती, बाजारातून आणलेल्या नव्यात नाही. पाण्याचा प्रवाह इथेच तुटतो का? की रॉडिंगनंतरही रेडिएटर आतून तुंबलेला आहे?

मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढूनच टाका. मला ते पटत नाही; इंजिन थंड राहिलं तर डिझेल नीट जळत नाही, लायनर-रिंगा झिजतात. शिवाय डिझेल पंप कॅलिब्रेट केल्यापासून चढाला काळा धूर येतो. डिझेल जास्त पडत असेल तर एवढी उष्णता वाढेल का? फॅनची हवा रेडिएटरमधूनच ओढली जावी म्हणून फॅनभोवती असतो तो पत्र्याचा श्राउडही नाहीये.

आधी कशाला हात घालू? स्प्रिंगचा होस चिपळूण किंवा कराडला कुठे मिळेल? गाडी वडिलांचा जीव की प्राण आहे, इंजिन जाम होण्याआधी दुखणं सापडायला हवं.