सहानुभूती, समानुभूती की कळवळा?

प्रश्न

समुपदेशनावरच्या एका लेखाचं मराठी भाषांतर तपासते आहे. भाषांतरकाराने 'सिम्पथी'ला सगळीकडे सहानुभूती आणि 'एम्पथी'ला समानुभूती असे शब्द वापरलेत. इतरत्र एम्पथीसाठी 'तदनुभूती' आणि 'सहसंवेदना'ही वाचल्याचं आठवतं. माझी अडचण अशी : सहानुभूतीची फोड केली की 'सह' अधिक 'अनुभूती', म्हणजे बरोबरीने अनुभवणं. ही तर एम्पथीचीच व्याख्या झाली! मग समानुभूती वेगळं काय सांगते? आणि नाटक-कथांमधल्या पात्रांबद्दल लिहिताना कोणता शब्द घ्यावा?

प्रतिसाद

फोड बरोबर आहे, पण वापरात हा शब्द तिथून बराच लांब गेला आहे. अर्जाच्या शेवटी आपण लिहितो, 'तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.' साहेबांनी माझी ओढाताण स्वतः अनुभवावी, अशी अर्जदाराची अपेक्षा नसते. त्यांनी जरा नियम सैल करावेत, एवढंच मागणं असतं. १९८४ साली इंदिरा गांधींच्या हत्येनंतर काँग्रेसला लोकसभेत चारशेच्या वर जागा मिळाल्या, ती 'सहानुभूतीची लाट' होती असं अजूनही म्हटलं जातं. दोन्हीकडे सहानुभूती ही कुणीतरी कुणालातरी द्यायची गोष्ट झाली आहे.

अनुकंपेचं तर याहून वाईट झालं. 'अनु' आणि 'कंप' : दुसरा थरथरला की त्याच्यामागोमाग आपणही थरथरणं. इतका नेमका शब्द, आणि आज तो भेटतो कुठे, तर 'अनुकंपा तत्त्वावर नेमणूक' या सरकारी प्रयोगात. वडील नोकरीत असताना गेले, मुलाचं नाव प्रतीक्षायादीत लागलं, आणि मग वर्षानुवर्षं कार्यालयाच्या खेपा. त्या यादीत थरथरतं ते फक्त त्या घरातलं माणूस.

एम्पथी हा इंग्रजीतलाही तसा नवाच शब्द. जर्मन सौंदर्यशास्त्रात रोबेर्ट फिशरने १८७३ मध्ये 'आइनफ्यूलुंग' ही कल्पना मांडली, थिओडोर लिप्सने ती वाढवली, आणि १९०९ मध्ये एडवर्ड टिचनरने तिच्यासाठी इंग्रजीत 'एम्पथी' आणला. मूळ विचार होता कलाकृतीचा : खांब, शिल्प, चित्र बघताना आपण आपली भावना त्यात कशी शिरवतो. समुपदेशकाच्या खोलीत हा शब्द नंतर आला. तेव्हा पात्रांबद्दलचा तुमचा दुसरा प्रश्न मला पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो.

राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' हे नाटक घ्या. दारूच्या आहारी गेलेल्या सुधाकराच्या बायकोचे, सिंधूचे हाल पाहून नाट्यगृह रडतं. ती इतकी सोशिक, इतकी निष्कलंक आहे की तिच्याबद्दल हळहळ वाटायला प्रेक्षकाला काहीच करावं लागत नाही. पण तिच्या जागी जाऊन किती जण उभे राहतात? फार थोडे, असं माझं मत आहे, आणि तो दोष थोडा गडकऱ्यांच्या लेखणीचाही आहे. सुधाकराचं उलट. वकिलीची सनद काही काळासाठी जाते, हुशार आणि मानी माणूस घरात कोंडला जातो, आणि तळीराम त्याच्यापुढे विसरण्याचा उपाय म्हणून प्याला धरतो. त्या घटकेला आपण सुधाकराच्या आत असतो. तो अपमान, ती तगमग, 'एकदाच घेतली तर काय होतं' ही पळवाट, सगळं आपल्याला आतून कळतं. पुढे तो जे करतो त्याचं कुणी समर्थन करत नाही. त्याची कीवही फारशी येत नाही. तरी पहिला प्याला त्याने का उचलला, हे प्रेक्षकाला सांगावं लागत नाही.

सिंधूबद्दल वाटते ती सहानुभूती. सुधाकराबाबत घडते ती समानुभूती. दुसरीला तो माणूस आवडण्याची अट नाही, हा माझ्या मते दोहोंमधला मोठा फरक.

प्रतिसाद

पात्रांच्या बाबतीत 'तादात्म्य' हा रुळलेला शब्द असताना समानुभूती कशाला? 'भूमिकेशी तादात्म्य पावणे' असं आपण म्हणतोच की.

प्रतिसाद

तादात्म्यात 'मी' आणि 'तो' हा भेदच उरत नाही. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी' मांडली, ती याच जागी उपयोगी पडते. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःचं भान पुरतं सोडत नाही. समाधी लागते आणि विकल्पही शिल्लक राहतो. म्हणून तर सुधाकराच्या हातातला प्याला हिसकवायला पहिल्या रांगेतलं कुणी रंगमंचावर चढत नाही. समुपदेशकालाही हे भान लागतंच. समोरच्याबरोबर तोही ओक्साबोक्शी रडू लागला तर धीर कोण देणार?

'सहृदय'ही असाच बदललेला शब्द. संस्कृत काव्यशास्त्रकार अभिनवगुप्ताचा सहृदय म्हणजे काव्याच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा लख्ख झाला आहे आणि म्हणून जो वर्ण्य विषयाशी तन्मय होऊ शकतो, असा रसिक. त्यात सरावाचा भाग होता. आज सहृदय म्हणजे नुसता मायाळू माणूस.

प्रतिसाद

पुस्तकातलं राहू द्या, बोलण्यातलं सांगते. नवरा गेलेल्या एका बाईंकडे आम्ही भेटायला गेलो होतो. येणारी प्रत्येक जण 'बिचारी' म्हणत होती, 'तुझं दुःख मला कळतं' म्हणत होती, आणि त्या नुसती मान हलवत होत्या. मग शेजारची एक बाई आली, थेट आत गेली आणि तिथून विचारलं, 'अगं, दळण संपलंय का? डबा दे, मी टाकून येते.' तेव्हा त्या पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, रात्री तीनला जाग येते आणि मग झोप लागत नाही. शेजारणीने काय केलं त्याला शास्त्रात कुठला शब्द आहे, मला माहीत नाही.

प्रतिसाद

आपल्याकडे त्याला कळवळा म्हणतात. 'ऐसी कळवळ्याची जाती । करी लाभावीण प्रीती' असं तुकोबा म्हणतात, आणि त्यात 'करी' आहे हे विसरू नका. कळवळा हातपाय हलवतो. एम्पथीसाठी मात्र तो घेऊ नये, कारण कळवळ्यात माया गृहीत आहे. सुधाकराचा कळवळा येत नाही.

'बिचारी'बद्दल : हा फारसी शब्द. 'चारा' म्हणजे उपाय ('दुसरा चारा नव्हता' यातला तोच), 'बेचारा' म्हणजे निरुपाय झालेला. बिचारी म्हटलं की त्या बाईंपुढे काहीच मार्ग नाही असं आपण ठरवून मोकळे होतो. दळणाचं विचारणारीने तसं ठरवलं नव्हतं.

मराठीत या भावनांची क्रियापदं बघा, बराच उलगडा होतो. करुणा येते, कळवळा येतो, पोटात कालवतं, आतडं तुटतं. ही आपोआप घडणारी. सहानुभूती मात्र दाखवतात, देतात, मिळवतात. आणि कळवळाही 'दाखवला' म्हटलं की लगेच संशय येतो. त्याला मग पुळका म्हणतात. चुकचुकणं तर नुसतं जिभेवरचं.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

यावरून माझी खरी अडचण सापडली. लेखात वाक्य आहे : 'समुपदेशकाने सहानुभूती न दाखवता समानुभूती दाखवावी.' ते खटकत होतं ते 'दाखवावी'मुळे.

प्रतिसाद

अगदी. समानुभूती हा शब्द समुपदेशनात रुळतो आहे, तो ठेवा. 'सम' म्हणजे तंतोतंत तोच अनुभव असा दावा कुणी करू नये, एवढी तळटीप द्या. तदनुभूती अर्थाने जास्त काटेकोर आहे, पण तोंडात बसत नाही. वाक्य मी असं करेन : 'समुपदेशकाने समोरच्याची कीव करू नये. त्याच्या जागी आपण असतो तर काय वाटलं असतं, इथवरही थांबू नये. तो तो असताना त्याला काय वाटतं आहे, ते त्याच्याकडूनच समजून घ्यावं. याला समानुभूती म्हणतात.'