मदत हवी आहे : नाल काढलेल्या घोडीचे खूर खडीच्या वाटेसाठी कसे तयार करावेत?

माथेरानच्या जांभ्या दगडाच्या वाटांवर चालणाऱ्या माझ्या ८ वर्षांच्या घोडीचे नाल दिवाळीनंतर काढले असून, दर ५ आठवड्यांनी कानशीने खुरांच्या कडा गोल करून घेतो. मातीवर ती मोकळी चालते; सुट्या खडीवर मात्र पुढचा उजवा पाय जपून टेकवते. खूर महिन्याला जेमतेम ६ ते १० मिलिमीटर वाढतो, तेव्हा घाई चालणार नाही, हे मान्य आहे. आमचे नालबंद तळवाही कोरतात, जे मला पटत नाही, कारण त्या जाडीमुळेच दगड टोचत नाही. पावसाळ्यात तळाच्या त्रिकोणी गादीला कुजका वास येतो, तो कसा टाळावा? खडीवर रोज किती वेळ चालवावे, की एकच पाय दुखतो म्हणून आधी पशुवैद्यांना दाखवावे? कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.