शॉटक्रीट: सिम्युलेटर पुरेसा नाही

एकाने लिहिलंय की शॉटक्रीटचं, म्हणजे बोगद्याच्या खडकावर दाबाने काँक्रीट फवारायच्या कामाचं, प्रशिक्षण सिम्युलेटरवर झालं तरी पुरे. अर्धंच पटलं. नोझल पृष्ठभागाशी काटकोनात, मीटर-दीड मीटरवर धरायचा सराव पडद्यावर होईल. पण काँक्रीटमधल्या लोखंडी जाळीच्या सळईमागे पोकळी राहिली का, हे प्रत्यक्ष फवारून, नंतर कोअर (छिद्र पाडून काढलेला गोल नमुना) काढून पाहिल्यावरच कळतं. कोन तिरका झाला की खडी उसळून पायाशी ढीग! स्वित्झर्लंडमध्ये फ्लुम्सजवळ हागरबाखला खास चाचण्यांसाठी बोगदे आहेत. चालू काम न अडवता तिथे खऱ्या खडकावर हात बसवता येतो. ग्राउटिंग, म्हणजे खडकातल्या भेगांत पंपाने दाबून पातळ माल भरणं, तर त्याहून फसवं. दाब एकदम पडला आणि पंप माल ओढतच राहिला, तर तो बहुधा भलत्याच वाटेने निघालाय. तिथे पंप कधी थांबवायचा, हेच आधी शिकवायला हवं.